मागनं बघणारा

आयुष्यात मी एकाच माणसावर मनापासून जळलो, आणि तो सातवी नापास होता.

हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती निवडीची. माझे वडील गुळाच्या अडत दुकानात हमाल, आई चार घरची धुणी करायची. त्या घरातून मी बी.ए. झालो, भूगोल घेऊन. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. म्हणजे जळायचंच तर एखाद्या प्राचार्यावर जळावं, कलेक्टरवर जळावं. पण नाही. आमच्या नशिबाला वायरमन.

त्याला सगळी पेठ तात्या म्हणायची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, त्यामुळं तोंडावर मीही 'अहो तात्या'च म्हणायचो. मनात मात्र अरेतुरे. इथं मनातलं लिहितोय.

अंगानं काटकुळा, शिडी वाहून वाहून एक खांदा खाली आलेला. लोक खिशाला जिथं पेन लावतात तिथं ह्याचा टेस्टर. लग्नात, मयतीत, अंबाबाईच्या रांगेत, कुठंही. कुणी जरा मोठ्या गोष्टी सांगायला लागलं की तात्या गुपचूप टेस्टर काढायचा, बोलणाऱ्याच्या कोपराला टेकवायचा, आतल्या बारक्या दिव्याकडं डोळे बारीक करून बघायचा आणि मान हलवायचा.

"न्हाय. करंट न्हाय."

सगळी तालीम हसायची. आमची तालीम म्हणजे आता आखाडा नावालाच. फुटबॉलची टीम, गणपतीचं मंडळ आणि संध्याकाळी टेकायला कट्टा. त्या कट्ट्यावर माझ्या कोपराला तो टेस्टर किती वेळा टेकला असेल! मी मान्सूनचे वारे समजावून सांगत असायचो, आणि मधेच कोपराला गार काहीतरी लागायचं.

पण त्याचा खरा नाद वेगळाच. तात्या कुठलीही गोष्ट पुढनं बघायचा नाही. थेटरात तिकीट काढून जायचा आणि मशीनच्या खोलीत जाऊन बसायचा. लग्नात अक्षता पडायच्या तेव्हा हा मांडवामागं जनरेटरशेजारी. फुटबॉलच्या मॅचला मैदानाकडं पाठ करून उभा राहायचा आणि गॅलरीकडं बघायचा.

"तात्या, मॅच तिकडं हाय," कुणीतरी ओरडायचं.

"हितं चांगली दिसत्या. गोल हुयाच्या आधी ह्यांच्या तोंडावर येतोय बघ."

मी बी.ए. झालो तेव्हा तालमीनं माझा सत्कार केला होता. फेटा, नारळ, आणि पदवीच्या झेरॉक्सची मोठी फ्रेम. वडील पहिल्या रांगेत बसलेले. सगळ्यांनी फ्रेम बघितली, कुणी कुणी हात लावून बघितली. तात्यानं ती उलटी केली. मागचा पुठ्ठा बघितला, खिळे बघितले.

"हुक बारकं बसवलंय. पडंल ही."

माझ्या वडिलांसमोर म्हणाला. महिन्याभरात फ्रेम पडली, काच फुटली. तो बरोबर होता याचा राग जास्त आला. राग कसला, जळण्याची सुरुवात होती.

गणपतीत आमच्या मंडळाचा सजीव देखावा असायचा. माणसं वेष करून उभी राहायची, मागं पडदे, वर दिवे, आणि स्पीकरवर निवेदन. निवेदन मी लिहायचो. पंधरा वर्षं लिहिलं. 'हे रसिक करवीरवासीयांनो' असं सुरू व्हायचं आणि अंगावर काटा आणून संपायचं, निदान माझ्या तरी. दिवे तात्याचे. बाहेर पडणारी माणसं काय म्हणायची ते ऐकायला मी मुद्दाम रांगेच्या तोंडाशी उभा राहायचो.

"लाईट लई भारी, मर्दा!"

पंधरा वर्षं. एकदाही कुणी म्हणालं नाही की निवेदन भारी.

मग तो थायलंडला गेला.

त्याचं असं झालं की वायरच्या बंडलांच्या खोक्यात कुपनं असायची. तात्याला कुपनांचा पत्ताच नव्हता. खोकी मजबूत म्हणून तो त्यात गणपतीतल्या दिव्यांच्या माळा भरून ठेवायचा. एकदा वायरींचा दुकानदार माळा उसन्या न्यायला घरी आला आणि खोक्यांच्या तळाशी पडलेली इतक्या वर्षांची कुपनं बघून जागेवर बसला. कंपनीनं वायरमन लोकांची एक तुकडी पाच दिवस थायलंडला न्यायची ठरवली होती, तीत तात्याचं नाव पहिलं.

पासपोर्टचा फॉर्म भरायला तो माझ्याकडं आला. मी तेव्हा हायस्कूलमध्ये वीस वर्षं भूगोल शिकवत होतो. आग्नेय आशियाचा नकाशा मी फळ्यावर डोळे मिटून काढतो. चाओ फ्राया नदी कुठून निघते आणि कुठं मिळते हे मला झोपेत विचारा. आणि मी बेळगावच्या पुढं गेलो नव्हतो. माझ्याकडं पासपोर्ट नव्हता. माझ्या पेनानं, माझ्या वळणदार अक्षरात मी त्या माणसाला परदेशी पाठवलं.

"तात्या, थोडी माहिती घेऊन जावा," मी म्हणालो. आणि राजधानी, नद्या, भाताचं पीक, रबर, सगळं सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "समदं तूच सांगितलंस. आता मी जाऊ कशाला?"

आणि गेला.

परत आल्यावर कट्ट्यावर ही गर्दी. पोरांना वेगळंच ऐकायचं होतं, एकमेकांना ढोसत होती. "तात्या, मालिश केली काय?" तात्या म्हणाला, "केली की. खांदा जागेवर आणला बाईनं, दोन दिस ऱ्हायला." आणि तो विषय संपवून एकाच जागेबद्दल बोलत राहिला. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, महिनाभर.

ती जागा म्हणजे एक पार्क. दिवसा बंद. दिवस मावळला की उघडायचं. आत त्यांच्या देशातली जुनी गावं उभी केलेली, खांबांवरची लाकडी घरं, पाण्यातला बाजार, होडीतनं फळं विकणाऱ्या बायका, कोष्टी, कुंभार, मुखवट्यांचा नाच, हत्ती. आणि सगळं दिव्यांत.

"जोतिबाची जत्रा असती का न्हाय, तशी. पर रोज. आनि तिकीट काढून."

"खोटा हत्ती असेल," मी म्हणालो.

"खरा. झुलीत बारकं दिवं. बॅटरी कुठं असंल सांग."

"झुलीखाली."

"माहुताच्या टोपीत! आनि नाचणाऱ्या बायका लांब लांब पितळी नखं लावत्यात. नखं लावली की बटन लावता येत न्हाय, म्हणून एक म्हातारी असती, ती समद्यांची बटनं लावती. नखं काढून भात खायाला टाइम न्हाय, मग तीच भरवती."

आता लिहिताना कळतं, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पुढं बसलेल्या माणसाला माहुताच्या टोपीतली बॅटरी दिसेल कशी? पण मला ऐकूच येत नव्हतं. मी फक्त लोकांची तोंडं बघत होतो. तात्यासारखाच. माझं पंधरा वर्षांचं निवेदन कुणी असं तोंड उघडं ठेवून ऐकलं नव्हतं.

त्या साली देखावा थायलंडचा करायचा असं अध्यक्षांच्या मनानं घेतलं. मी सांगितलं, "गणपतीपुढं थायलंड कशाला? काय संबंध?"

"गणपती तिथंबी हाय की," तात्या म्हणाला. "पार्काच्या गेटातच बसलाय. फुलं घालत्यात, हात जोडत्यात. तुला म्हाईत न्हाय?"

मला माहीत नव्हतं. वीस वर्षं मी त्या देशाचं पीक आणि पाऊस शिकवत होतो.

"मग शिकवतोस काय रं?" तो म्हणाला. टोचून नव्हे, खरंच विचारल्यासारखं. त्यामुळं जास्त लागलं.

त्यानंतर आठवड्याभरात मला बिद्रीला एका लग्नाला जावं लागलं. पंगतीत शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले. वायरींचं दुकान होतं त्यांचं. बोलता बोलता निघालं की तेही त्याच टूरला होते.

"शिवाजी पेठ? मग त्यो वायरमन वळखत असशीला की! काय येडं माणूस हो! त्या रातच्या पार्कात एवढा मोठा शो, हजार माणूस आत बसलंय, आनि ह्येची खुर्ची रिकामी. गाईड रडायला आलती. शो संपला तरी पत्ता न्हाय. शेवटी कुठं घावला म्हायतंय? मागच्या गेटात, जनरेटरपाशी. तिथल्या वायरमन लोकांच्यात मांडी घालून भात खात हुता. ह्येला त्यांची भाषा येत न्हाय, त्यास्नी ह्येची न्हाय, आनि समदी हसत्यात!"

म्हणजे त्यानं तो शो बघितलाच नव्हता!

त्या दिवशी जिलेबी मी तीनदा घेतली.

तालमीची बैठक गणपतीच्या आधी वीस दिवस होती. तोवर मी थांबलो. तात्यानं जमिनीवर खडूनं आराखडा काढला, इथं पाण्याचा बाजार, इथं नाच. सगळे वाकून बघत होते. अध्यक्ष म्हणाले, "आनि निवेदन आमचं बीए लिहितील." मला तालमीत बीएच म्हणायचे.

मी उठलो. वर्गात उभा राहतो तसा.

"लिहीन. पण आधी तात्यांना विचारा, त्यांनी शो बघितलाय का? बिद्रीचा माणूस सांगतोय, तात्यांची खुर्ची रिकामी होती. महिनाभर आपल्याला ऐकवतायत, आणि आतलं काही डोळ्यांनी बघितलेलंच नाही!"

सगळे खडूचा आराखडा सोडून माझ्याकडं बघायला लागले. माझ्या निवेदनानंतर असं कधी झालं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तात्या खडू खाली ठेवून उठला. माझ्याजवळ आला. खिशातला टेस्टर काढला, माझ्या कोपराला टेकवला आणि वाकून बघितलं.

"लागली," तो म्हणाला. "पंधरा वर्सांत आज पयल्यांदा लागली बघा. हाय करंट बीएत."

माणसाला टेस्टर लावून दिवा लागत नाही, एवढं विज्ञान भूगोलवाल्यालाही येतं. तरी मी खाली वाकून बघितलं.

मग तो बाकीच्यांकडं वळला. "व्हय. पुढनं न्हाय बघितलं. पुढनं जे दिसतंय ते दावायलाच असतंय की. मी मागनं बघितलं. नाचणारी बाई भाईर जाताना हसती, ती आत आली की भिताडाला टेकून पाय दाबती. एक म्हातारा हुता, त्येचं काम म्हंजे पडद्यामागं बसून बेडकाचा आवाज काढायचा. रोज रात्री. म्होरच्या हजार माणसास्नी वाटतंय टेप हाय. त्येनं मला काढून दावला आवाज. आपुन ह्योच देखावा करायचा. रांग मागनं आत घ्यायची. आदी मागचं, मग म्होरचं."

अध्यक्ष डोकं खाजवत होते. एकजण म्हणाला, "नादखुळा!" आणि माझी बाजू तिथंच संपली.

"आनि तिथं एक कागदवाला हुता," तात्या माझ्याकडं बघून म्हणाला. "कुणी कवा भाईर जायाचं ते समदं त्येच्या कागदात. समद्यांवर चिडलेला. पर त्यो नसता तर हत्ती बायकांच्या नाचात शिरला असता. ती जागा तुझी. मागं खुर्ची टाकतो, दिवा लावतो, तू लिहीत बसायचं. निवेदन नगं, नुसतं लिहिताना दिसायचं."

तो सन्मान करत होता हे मला आज कळतं. तेव्हा कानात एकच शब्द वाजत होता. मागं.

माझा बाप आयुष्यभर दुकानाच्या मागच्या दारानं आत गेला. पाठीवर तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे अख्खी ढेप, घेऊन. पुढच्या दारानं व्यापारी यायचे, गादीवर बसायचे. मला शाळेत घालताना तो एवढंच म्हणाला होता, "म्होरल्या दारानं जायाचं शीक." मी शिकलो. आणि हा माणूस सगळ्या पेठेसमोर मला मागं खुर्ची टाकून देत होता.

"मागं बसायला मी बी.ए. झालो नाही," मी म्हणालो, आणि चपला घालून निघालो.

देखाव्याला निवेदन नव्हतं. लागलंच नाही. तिसऱ्या दिवसापासून रांग रंकाळा तलावाच्या वाटेला लागली. माझ्या वर्गातली मुलं येऊन सांगायची, "सर, आमच्या वस्तादांनी बेडूक काढला!" तालमीचे सत्तरीचे वस्ताद, ज्यांच्या हाताखाली अख्खी पेठ कुस्ती शिकली, ते पडद्यामागं बसून बेडकाचा आवाज काढत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

सातव्या दिवशी राहवेना. मी मफलर बांधला, सप्टेंबरात, आणि रांगेच्या शेपटाला उभा राहिलो. दीड तास. आमच्याच मंडळाचा कार्यकर्ता, ज्याची दहावीची फी माफ व्हावी म्हणून मी मुख्याध्यापकांकडं गेलो होतो, तो मला म्हणाला, "पावणं, फुडं सरका."

मी सरकलो. रांग मागनं आत शिरली. बांबू, दोऱ्या, वायरींची जाळी. एक बाई दुसरीच्या पाठीची बटणं लावत होती. दोघी पेठेतल्याच, पण त्या उजेडात मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. वस्ताद गाल फुगवून बसलेले. आणि कोपऱ्यात एक टेबल, एक खुर्ची, कागदांची चळत, त्यावर पेन. वर एक पिवळा दिवा, असा लावलेला की उजेड बरोबर कागदावर पडावा. तात्यानं त्या एका दिव्यावर किती वेळ घालवला असेल ते पंधरा वर्षं त्याच्याबरोबर काम केलेल्यालाच कळेल.

खुर्ची रिकामी होती.

माझ्यापुढच्या बाईनं कार्यकर्त्याला विचारलं, "हितं कोण बसतंय?"

"लिहिणारं. रागावल्यात. येतील."

ते वाक्य तो दिवसभर हजारांना सांगत असणार. मी मफलर नाकावर ओढला आणि पुढं सरकलो. बसायला हवं होतं. चार पावलं होती. नाही बसलो. मी पुढच्या बाजूला बाहेर पडलो, तिथं नाच चालला होता, आणि मागं कुणीतरी म्हणालं, "त्यो रिकाम्या खुर्चीचा सीन लई भारी हुता."

माझ्या नसण्याला पहिली दाद मिळाली, तीही त्याच्या लाईटमुळं.

तात्या गेला त्याला आता दोन वर्षं झाली. झोपेत गेला. दहाव्याला तात्याच्या बायकोनं, काकींनी, मला बाजूला घेतलं आणि टेस्टर हातात ठेवला. "तुमास्नी द्या म्हणलं हुतं. बीएला खिशाला पेन लावायची सवय हाय, सांभाळंल म्हणलं." मी तो पेनाशेजारी लावला. जड होता.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी थायलंडला गेलो. माझ्या पासपोर्टवर, बायकोला घेऊन, शिक्षकांच्या टूरबरोबर. टूरवाल्याला सांगून ठेवलं होतं, बाकी काही गाळा, ते रात्रीचं पार्क गाळायचं नाही. मुंबईच्या विमानतळावर तपासणीत माझ्या खिशातला टेस्टर काढून घेतला. टोकदार वस्तू. मोठ्या सामानात टाकायची असते म्हणे. सातवी नापासाला ते ठाऊक होतं, तो टेस्टर जाऊन आला होता. पेन मात्र माझ्याकडं ठेवू दिला.

पार्काच्या गेटात गणपती होता. मी हात जोडले. खांबांवरची घरं होती, पाण्यातला बाजार होता, हत्ती आला तेव्हा मी माहुताच्या टोपीकडं बघितलं. शो सुरू व्हायला दहा मिनिटं होती. माझी खुर्ची तिसऱ्या रांगेत, मधोमध. मी उठलो.

"कुठं निघालाय?" बायको म्हणाली. "चालू होईल आता."

"आलो."

भिंतीच्या कडेनं चालत मी मागं गेलो. जनरेटरचा आवाज ओळखीचा निघाला, सगळीकडं सारखाच असतो. लोखंडी गेट अर्धं उघडं होतं. आत चार-पाच माणसं खाली बसून भात खात होती, एक काहीतरी सांगत होता आणि बाकीची हसत होती. कुठूनतरी बेडूक ओरडला. टेप होती की म्हातारा, कळलं नाही.

मी आत पाऊल टाकलं तसा पहारेकरी पुढं आला. माझा इस्त्रीचा शर्ट बघितला, खिशातला पेन बघितला. मी हातानं सांगायला लागलो, दिवा, वायर, माझा माणूस, इथं बसला होता. तो समजूतदारपणे हसत होता. माझा हात खिशाकडं गेला. टेस्टर असता तर दाखवला असता.

त्यानं छातीशी हात जोडले, मान लववली आणि अगदी आदरानं मला वळवून पुढचा दरवाजा दाखवला. माझ्या तिकिटावरचा नंबर टॉर्चनं वाचून बोटं दाखवून सांगितला, तिसरी रांग, मधोमध.

मी जाऊन माझ्या खुर्चीत बसलो. शो फार चांगला होता, असं सगळे म्हणाले.